उभं वल्हं

केसरचं लग्न लागलं ते एकोणीसशे पंचवीस साल. वैशाखातली दुपार होती, हळद उतरली होती, वऱ्हाड मांडवात बसलं होतं, आणि नवऱ्यामुलाचं बाशिंग खाडीपलीकडच्या पाड्यात, ते करणाऱ्याच्या घरीच राहिलं होतं.

"आता काय उगड्या कपालाचा जावई उबा करू?" केसरची आई नीराबाई मांडवाच्या दारात कमरेवर हात ठेवून ओरडत होती. "येवरी मानसा जेवाला जमलीत, एकाच्या ध्यानात ऱ्हायला न्हाय?"

भरती लागली होती. ओहोटीला गुडघाभर चिखलातून ओलांडायचा खाडीचा फाटा काठोकाठ भरत आला होता. होडी वळसा घालून न्यायची तर मुहूर्त टळला असता. नीराबाईचा थोरला मुलगा शिवदास उठला. त्यानं धोतर वर खोचलं, होडी ढकलायचा लांब बांबू उचलला, धावत जाऊन तो पाण्याच्या मध्यावर रोवला आणि पलीकडच्या चिखलात जाऊन पडला. थोड्या वेळानं तसाच परत आला, तेव्हा बाशिंग त्याच्या पाठीला बांधलेलं होतं. एक पाकळीसुद्धा भिजली नव्हती.

"बगा रे," पाटावर बसलेला नवरामुलगा कान्हा म्हणाला, "लोक गुडघ्याला बाशिंग बांदतात, माज्या मेवन्यानं पाठीला बांदलाय! ह्याचा पन आजच उरकून टाका."

मांडव हसला. मुंडावळ्यांआड केसरही हसली. कान्हा त्याच कोळीवाड्यातला, शिवदासच्या बरोबरीनं वाळूत लोळून मोठा झालेला. भावाच्या दोस्ताच्या घरात आपण पडलो, ह्याचा तिला आनंद होता आणि तो लपवायची तिला कला नव्हती.

हे सगळं धक्क्यावरून एक माणूस बघत होता. मार्तंड तात्या. मूळचे दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीतले, अलिबागच्या शाळेत कसरतीचे मास्तर. मुंबईच्या बोटीची वाट बघत मांडव्याला बसले होते. बोट आली नि गेली, तात्या धक्क्यावरच राहिले. छत्री बगलेत मारून ते मांडवाशी आले आणि शिवदासला बाजूला घेतलं.

"हे तुला शिकवलं कोणी?"

"काय?"

"ही बांबूवरची उडी."

"शिकवाचा काय त्यान? पलीकडं जायाचा तर असाच जायाचा."

"एकदा अजून मारून दाखव."

शिवदासनं पाण्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "आता पलीकडं काय काम हाय?"

तात्या मोठ्यानं हसले. पुढं कितीतरी वर्षं ते हे वाक्य लोकांना सांगत असत. शेवटी शेवटी सांगेनासे झाले.

त्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या आणि शिवदास तात्यांच्या हाती लागला. तात्या रविवारी अलिबागहून चालत येत. ओहोटीची घट्ट वाळू हे त्यांचं मैदान. जाळ्याला बांधायचा दगड शिवदास गोळा म्हणून फेकी. भाला तात्यांनी सुताराकडून करून आणला होता. अडथळ्यांच्या शर्यतीसाठी दोन होड्यांमध्ये दोर ताणले. तात्या सांगत, "एकच खेळ येणारे पुष्कळ आहेत, शिवा. दहाच्या दहा येणारे मुंबई इलाख्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. दोन दिवसांत दहा खेळ खेळायचे, आणि जो टिकेल तो दिल्लीला. दिल्लीहून विलायतेला."

"विलायतेला होरी घेऊन?" शिवदास विचारी.

"आगबोटीनं, गाढवा."

नीराबाईला हे पटत नसे. ती सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकत म्हणे, "मानूस मासली मागं धावतो, चोरामागं धावतो. ह्यो कोनाच्या मागं धावतो? पुढं कोन न्हाय, मागं कोन न्हाय!" आणि लग्नाचं काढलं की शिवदास म्हणे, "विलायतेसून येतंय, मंग बगू." आधी ते वाक्य थट्टेनं म्हटलेलं होतं. हळूहळू त्यातली थट्टा गेली. तो झोपेत पाय मारू लागला. दर्यात जाळं टाकल्यावर सगळे विड्या ओढत, तेव्हा हा डोलकाठीला लोंबकळून हात घट्ट करी. त्याच्या मनानं घेतलं होतं. आपल्या सात पिढ्यांत कोणी आगबोटीत पाय ठेवला नाही, आणि आपण ह्या दोन पायांच्या जोरावर तीत बसून जाणार.

आता त्या कोळीवाड्याची एक रीत सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येतं.

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की खाडीच्या तोंडापासून होड्यांची शर्यत लागे. काठावर एक खुणेची काठी रोवलेली असे. जी होडी पुढे येई ती त्या काठीच्या अलीकडे थांबे. तिचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आपलं वल्हं पाण्यातून काढून सरळ उभं धरी. वल्हं उभं राहिलं की शर्यत संपली, जिंकला तो जिंकला. मग मागची होडी येऊन बरोबरीला लागेपर्यंत पुढच्यांनी तिथंच थांबायचं आणि दोन्ही होड्यांनी मिळून काठाला लागायचं. मागच्याला पाण्यात एकटा टाकून काठावर चढणं ह्याच्यासारखी नामुष्की नव्हती. शिवदासचा बाप बुधाजी, कोळीवाड्यातला जुना तांडेल, म्हणे, "जिकलास ना? मंग आता थांब. घाई कसली?" दर्यातून घरी येतानाही तोच नेम होता. खाडीच्या तोंडाशी पुढची होडी थांबे, वल्हं उभं राही, मागची आली की दोघी आत.

सव्वीस साली अलिबागला जिल्ह्याचे सामने झाले. शेवटची लांब धाव होती. शिवदास बाकीच्यांच्या खूपच पुढे होता. शेवटच्या रेषेवरच्या फितीच्या चार पावलं अलीकडे तो थांबला, दोन्ही हात सरळ वर केले आणि मागून धापा टाकत येणाऱ्या एका कारकुनाची वाट बघत उभा राहिला. दोघं मिळून फितीत शिरले. टाळ्यांचा पाऊस पडला. पंचांनीही हसून शिवदासलाच पहिला ठरवलं, कारण तिथं नंबर मोजत. सगळ्यात मोठ्या टाळ्या तात्यांच्या होत्या.

सत्तावीसच्या जानेवारीत मुंबईचे सामने आले. आदल्या दिवशी तात्यांनी त्याला नीट बसवून सांगितलं, "इथं नंबर नाही मोजत, शिवा. घड्याळ मोजतात. किती वेळात आलास त्याचे गुण."

"कल्ला, तात्या."

त्याला कळलं होतं ते असं: आपण जिंकलो की हात वर करायचे, हात वर गेले की घड्याळवाला घड्याळ बंद करणार. वल्हं उभं राहिल्यावर आणखी काय मोजायचं राहतं?

दोन दिवस तो खेळला तसं त्या मैदानावर फार थोडे खेळले असतील. बांबूच्या उडीला लोक दुसरे खेळ सोडून बघायला आले. गोळ्यात तो मागे पडला, भाल्यात भरून काढलं. शेवटची धाव उरली तेव्हा तो आणि कॉलेजातला एक उंच पारशी मुलगा असे दोघेच चुरशीत होते. तात्यांनी गुणांचा हिशेब केला, मग पुन्हा पहिल्यापासून केला. शिवानं नुसती आपली नेहमीची धाव धावली तरी दिल्ली पक्की होती.

शिवदास नेहमीपेक्षा चांगला धावला. शेवटच्या वळणावर त्यानं मागे पाहिलं. पारशी मुलगा खूप मागे होता, एकटाच, तोंड उघडं, पाय वेडेवाकडे पडत होते. शिवदास फितीपाशी आला, थांबला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

"शिवा! पळ! अरे पळ!" तात्या दोरी ओलांडून ओरडत होते.

शिवदासनं ते ओरडणं ऐकलं, पण त्याला वाटलं तात्यांना आनंद झालाय. तो हसला. घड्याळवाला घड्याळाकडे बघत राहिला. पारशी मुलगा त्याच्या शेजारून फीत घेऊन पुढे गेला आणि गवतावर पडला. मग शिवदास दोन पावलं चालत आत शिरला.

गुण लागले. अंतर इतकं थोडं होतं की तात्यांनी तो आकडा पुन्हा कधी तोंडातून काढला नाही. पारशी मुलगा शिवदासपाशी आला, हात धरला आणि खरोखरच न समजून विचारलं, "अरे भाई, तू ठैरा कायको?"

परतीच्या बोटीत तात्या आणि शिवदास समोरासमोर बसले. मांडव्याचा धक्का दिसू लागला तेव्हा तात्या बोलले, "का थांबलास?"

"मागं तो एकलाच व्हता, तात्या."

तात्यांनी तोंड फिरवलं. धक्क्याकडे बघत म्हणाले, "चूक माझी आहे. अलिबागला मी टाळ्या वाजवल्या."

घरी बुधाजीनं सगळं ऐकून घेतलं. "बरोबर केलास," तो म्हणाला आणि जाळं विणू लागला. आईनं भात वाढला. कोणी रागावलं असतं तर शिवदासला बरं वाटलं असतं. पण अलिबागच्या बाजारात त्याचं नाव पडलं, थांब्या. मासळी घेणारे विचारीत, "काय रे थांब्या, मुंबईला कोणाची वाट बघत होतास?" गाडीवाले त्याला बघून हात वर करीत. रेवसच्या धक्क्यावर पोरं फितीसारखी दोरी धरून उभी राहत. तो कोणाशी भांडला नाही. फक्त तात्यांना म्हणाला, "मना परत शिकवा."

"मागे बघायचंच नाही," तात्या म्हणाले. "मागे कोणी नाहीच, असं धर."

हे तो शिकला. वर्षभर त्यानं मान वळवायची सवय मोडली. वाळूवर धावताना तात्या मागून हाका मारीत, आणि त्याची मान वळली नाही की म्हणत, "शाबास." पण पुढच्या मुंबईच्या सामन्यांच्या वेळी तो हिवतापानं अंथरुणाला खिळला होता. त्याच्या पुढच्या खेपेला भर उडीत बांबू मोडला आणि खांदा निखळला. तो नीट बसलाच नाही. भाला गेला, गोळा गेला, थाळी गेली. दहातले चार-पाच खेळ उरले, आणि चार-पाच खेळ घेऊन कोणी विलायतेला जात नाही. तात्यांची बदली झाली. जाताना ते भेटायला आले आणि धक्क्यावर छत्री विसरून गेले. शिवदास ती घेऊन धावला, पण बोट सुटली होती.

"लगीन कर आता," नीराबाई म्हणाली. "विलायत बुडाली ती बुडाली."

त्यानं लग्न केलं नाही. बापाची नजर गेली तेव्हा होडीचं सुकाणू घेतलं आणि तांडेल झाला. त्या वर्षीच्या नारळी पुनवेला शर्यतीत त्याची होडी पहिली होती, कान्ह्याची दुसरी. काठीपाशी आली तरी त्यानं वल्हं उचललं नाही. होडी तशीच जाऊन वाळूला लागली. काठावरची गाणी मध्येच थांबली. मागून कान्ह्याची होडी एकटीच आली, तो उतरला, पाण्यात उभा राहूनच म्हणाला, "काय दादूस, भात करपत व्हता काय घरी?"

लोक हसले, पण हसायचं म्हणून. बुधाजीला दिसत नव्हतं. तो विचारत राहिला, "वल्हं उबा केला का? कोनाचा वल्हं उबा हाय?"

त्यानंतर दर्यातून येतानाही शिवदास थांबेनासा झाला. सरळ आत येई. दुसऱ्या होड्या एकमेकींसाठी थांबत, त्यामुळे काही अडलं नाही. कान्हा केसरला म्हणे, "असू दे. मुंबयला जरा जास्तच थांबला, तो आता वसूल करतो."

तेहतीस साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी खांदेरी बेटाच्या बाजूनं अचानक काळं झालं. बाकीच्या होड्या सकाळीच परतल्या होत्या. सणाला ताजी मासळी हवी म्हणून शिवदास आणि कान्हा ह्यांच्या दोनच होड्या मागे राहिल्या होत्या. वारा फिरला, शिडं उतरवली, वल्ह्यांवर घराकडे निघाल्या. खाडीच्या तोंडाशी येईपर्यंत पावसानं समोरचा किनारा पुसून टाकला. आत शिरायची वाट दोन खडकांमधून होती. शिवदासला ती अंगानंच माहीत होती. तो सुकाणूवर तोंड पुढे करून उभा होता. वल्हवणारे मागे तोंड करून बसतात, त्यामुळे त्याच्या होडीत वल्ह्यावर असलेल्या धर्माजीला मागचं दिसत होतं.

"तांडेल, वल्हं उबा कर," धर्माजी ओरडला. "कान्ह्या मागं हाय. त्याना वाट दिसाची न्हाय."

शिवदासनं मान वळवली नाही.

"शिवदास! ऐकतोस का रे? थांब!"

"काठावर थांबू," शिवदास म्हणाला. "मार वल्हं."

होडी आत शिरली. पाणी एकदम शांत झालं. ते वाळूला लागले, उतरले, आणि शिवदास वळून उभा राहिला. खरंच थांबला तो. पाऊस सरेपर्यंत थांबला. पाऊस सरला तेव्हा खडकांवर फळ्या दिसत होत्या.

कान्ह्याबरोबरची दोन माणसं पोहत, खरचटत वर आली. त्यातला एक एवढंच म्हणाला, "आमी वल्हं बगत व्हतो." कान्हा चार दिवसांनी सापडला, खूप खाली दक्षिणेला, काशीदच्या वाळूवर.

कोळीवाड्यानं शिवदासला दोष दिला नाही. "पाऊस तसाच व्हता," माणसं म्हणाली. धर्माजीनं होडीत काय झालं ते कोणाला सांगितलं नाही. तो दुसऱ्या होडीवर जाऊ लागला, तेही काही कारण न देता. बुधाजी अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रीत कशासाठी होती हे त्यालाही कोणी कधी शब्दात सांगितलं नव्हतं. ती नुसती पाळायची होती.

बाराव्यानंतर नीराबाईनं केसरला माहेरी आणली. ती चुलीपाशी बसली होती, कपाळ मोकळं. शिवदास उंबऱ्यात येऊन बसला. केसरनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि भावाकडे न बघता विचारलं,

"दादूस, मुंबयला तू परक्यासाठी थांबला व्हतास ना?"

तिनं ते रागानं विचारलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिवदास उठून गेला. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. ती त्याला रोज भात वाढत असे, आणि तो खाली मान घालून जेवत असे.

तो पुन्हा होडीत बसला नाही. होड्या परतायच्या वेळी एक वल्हं खांद्यावर घेऊन तो खाडीच्या तोंडाशी जाई, कंबरभर पाण्यातून आतल्या खडकावर चढे आणि वल्हं सरळ उभं धरून राही. खांदा निखळलेला, त्यामुळे एकाच हातानं धरी. शेवटची होडी आत आली की उतरे. सुरुवातीला माणसं होडीतून हाक मारीत, "जेवलास का रे?" तो मान हलवी. पुढं हाक मारणं बंद झालं. खडकावर वल्हं आहे, एवढंच बघून ती सुकाणू वळवीत.

छत्तीस साली बंदर खात्याची माणसं आली आणि त्यांनी त्याच खडकावर लोखंडी खांब रोवला. वर तांबडा रंग दिला. तो लांबून दिसे, पावसातही दिसे. होड्या त्याच्या खुणेनं आत येऊ लागल्या. शिवदास काही दिवस खांबाच्या शेजारी वल्हं धरून उभा राहिला.

"आता उतर, भावा," एकदा केसर काठावरून म्हणाली. "त्याची गरज न्हाय आता."

तो उतरला. वल्हं घरी आणून त्यानं आढ्याला बांधलं. नंतर तो दिवसभर अंगणात बसे. भरती कधी, ओहोटी कधी, हे त्याला बसल्या जागी कळे, पण कोणी विचारत नसे. बुधाजी त्याच पावसाळ्यात गेला.

शिवदास बुधाजी कोळी एकोणीसशे अडतीस सालच्या माघ महिन्यात तापानं वारला. त्याचा मेहुणा कान्हा एकोणीसशे तेहतीस साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी खाडीच्या तोंडाशी बुडून वारला होता.